रिमोटवरचं मूळ प्लॅस्टिक

ताईला नोकरी लागली, आणि ती लागली ती मी बाबांच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक कात्रीने टराटरा फाडल्यामुळे.

आता हे वाक्य विसरून जा. असं काहीही घडलेलं नाही. रिमोटवर प्लॅस्टिक आहे, ते दुकानातून आलं तेच आहे, त्याच्यावरचा मळही मूळचाच आहे, आणि बाबांनी विचारलं तर आमच्या घरात कात्री नावाची वस्तूच नाही. आईने ती पिठाच्या डब्यात पुरून ठेवली आहे.

तर त्या दिवशी, ज्या दिवशी काही घडलं नाही, सकाळी आमच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर गेला. गेला म्हणजे आधी वास आला. तापलेल्या तेलात कोणी जुना बूट सोडावा तसा. मग पडद्यावर एक करडी रेघ आली, ती थोडी चालली, आणि थांबली. रेघ चालत नसते, हे माझ्या लक्षात येईपर्यंत दुसरी आली. मी मॉनिटर उचलून हलवला. मागच्या फटींतून टेबलावर पाय पडले. नुसते पाय. थोड्या वेळाने ज्यांचे ते होते ती झुरळंही पडली, काही मेलेली, काही नुकतीच झोपेतून उठल्यासारखी मिशा हलवत. उबदार जागा बघून त्यांनी आत संसार थाटला होता. पिल्लं, म्हातारी माणसं, सगळं गोकुळ. शेवटी काहीतरी ओलं पडलं. ते काय होतं हे मी बघितलं नाही, आणि पायपुसण्याने पुसलं. ते पायपुसणं आता आमच्यात नाही.

"मेला का?" दारातून ताईने विचारलं.

"कुटुंबासकट," मी म्हणाले.

ताई खाली बसली. तिची दुपारी तीन वाजता मुलाखत होती. कॉम्प्युटरवरूनच, कॅमेऱ्यासमोर. त्यात तिने स्वतः काढलेले आराखडे उघडून, मुलाखत घेणाऱ्यांसमोर त्यात फेरफार करून दाखवायचे होते. आराखडे काढायचं सॉफ्टवेअर फोनवर चालत नाही. ते फक्त आमच्या या डबड्यात होतं, आणि डबडं आता आंधळं झालं होतं.

ताईला ही नोकरी का हवी होती, ते सांगते. जेवत असाल तर घास संपवा. ताई दातांच्या कवळ्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. लोक आपली मोडकी कवळी पाकिटात घालून तिथे पाठवतात. पाठवण्याआधी ती धुवावी, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पाकिटं उघडणं हे ताईचं काम. कवळीवरून माणसाने शेवटचं काय खाल्लं ते ती सांगू शकायची, आणि पहिले काही दिवस सांगायचीही. मग आईने तिच्यासमोर हात जोडले. संध्याकाळी घरी आली की ती कोपरापर्यंत हात घासायची, आणि मग रात्री जेवणानंतर कॉम्प्युटरवर बाथरूमचे आराखडे काढायची. कोणी सांगितलं नव्हतं. आपली आपणच शिकली. पांढऱ्या फरश्या, पांढरं बेसिन, कोरडी जमीन. तिच्या बाथरूममध्ये कधी माणूस नसे. केस नसे. साबणाला चिकटलेला दुसरा साबण नसे. आणि आता एका बाथरूम आखणाऱ्या कंपनीने तिला बोलावलं होतं.

"आज झालं नाही," ताई म्हणाली, "तर सोमवारी परत पाकिटं."

"टीव्हीला जोडू," मी म्हणाले.

मला घरात पाचर म्हणतात. कारण कुठल्याही चालत्या कामात मी मारली जाते, असं आईचं म्हणणं. पण केबल कशात घालायची हे या घरात मला एकटीलाच कळतं, त्यामुळे माझ्याशिवाय चालतही नाही.

हॉलमध्ये आमचा रुंद टीव्ही आहे. त्याच्यासमोर आरामखुर्ची, आरामखुर्चीत बाबा, आणि बाबांच्या हातात रिमोट. रिमोटवर प्लॅस्टिक. आमच्या बाबांचं एक तत्त्व आहे: कुठल्याही वस्तूवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. वस्तू जाते, प्लॅस्टिक राहतं. आमच्या गाद्या रात्री कुरकुरतात त्या प्लॅस्टिकमुळे. रिमोटवरचं तर बाबा पाठ खाजवायला वापरतात. दुपारी बनियन वर करून, रिमोट पाठीमागून आत घालून, डोळे मिटून. त्यामुळे ते मूळचं पारदर्शक प्लॅस्टिक आता चहाच्या रंगाचं झालं आहे, मेणचट, कडेने काळं. एकदा ते मधोमध फाटलं, तेव्हा बाबांनी ताबडतोब त्याच्यावर चिकटपट्टी लावली. ताबडतोब म्हणजे स्वतःच्या टाचेवरची काढून. आम्ही टीव्ही का बघत नाही, असं बाबा नेहमी विचारतात.

"बाबा, टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचाय. ताईची मुलाखत आहे," मी म्हणाले.

"जोड की. टीव्ही काय माझ्या एकट्याचा आहे?" असं म्हणून बाबांनी रिमोट बनियनच्या आत घातला.

मी टीव्हीच्या मागे हात घातला. टीव्हीच्या मागे कधी कोणी हात घालू नये. धूळ कोरडी असते असा माझा समज होता. ती ओशट होती. तिला केस होते. बोटांना काहीतरी मऊ लागलं आणि ते बाजूला झालं, म्हणजे मी बाजूला केलं की ते स्वतः झालं हे मला ठरवायचं नव्हतं. शेवटी केबलचं तोंड चाचपडत भोकात बसलं. मी हात बाहेर काढला तेव्हा तो माझा वाटत नव्हता, एखाद्या मोठ्या, वयस्क माकडाचा वाटत होता.

बाबांनी बनियनच्या आतूनच रिमोट दाबला. चुरचुर आवाज झाला आणि पडद्यावर आमचा कॉम्प्युटर आला. म्हणजे मधला कॉम्प्युटर आला. कडा आल्याच नाहीत. खालची पट्टी गायब, डावीकडची चित्रं निम्मी कापलेली, आणि माउसचा बाण जरा कोपऱ्यात नेला की टीव्हीतून उतरून बाहेर फिरायला जायचा.

हेही बाबांचंच तत्त्व. टीव्ही आला तेव्हा चित्राच्या कडेला काळ्या पट्ट्या दिसत. "एवढा रुंद टीव्ही पट्ट्या बघायला आणला काय?" म्हणून बाबांनी चित्र ताणून, फुगवून काचभर करून घेतलं, आणि मग त्या बटणाला पुन्हा हात लावला नाही. तेव्हापासून आमच्या घरात बातम्या देणाऱ्या कुठल्याही बाईला कपाळ नाही. खालून सरकणाऱ्या बातम्यांच्या अक्षरांचे फक्त माथे दिसतात. सामन्याचा स्कोअर कोपऱ्यात असतो, म्हणजे टीव्हीच्या बाहेर. त्यामुळे बाबा सामना घरी बघतात आणि स्कोअर फोन करून मामाला विचारतात.

"बाबा, चित्र कडेने कापलं जातंय. ते आकाराचं बटण दाबा ना."

"ते प्लॅस्टिकखाली आहे."

"सगळीच बटणं प्लॅस्टिकखाली आहेत, बाबा."

"ते जास्त खाली आहे."

खरंच होतं. ते नेमकं चिकटपट्टीखाली होतं, आणि तिच्या जाड थरावरून ते दबत नव्हतं.

"प्लॅस्टिक थोडंसं कापलं तर?" ताईने भीतभीत विचारलं.

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने बाबांनाच थोडंसं कापायचं सुचवलं होतं. "मूळचं आहे ते," ते म्हणाले, आणि झोपले. दुपारची झोप बाबांना अशीच येते, वाक्य संपलं की.

मग मी कॉम्प्युटरमधूनच चित्र लहान करायला गेले. तशी सोय असते. ती सोय मला सापडलीसुद्धा. चित्र लहान झालं की 'लागू करा' असं बटण दाबायचं. ते बटण उजव्या खालच्या कोपऱ्यात होतं. म्हणजे टीव्हीच्या पलीकडे, भिंतीवर, कॅलेंडरच्या आसपास. मी बाण अंदाजाने तिकडे नेऊन बरीच बटणं दाबली. त्यातल्या एकाने कॉम्प्युटरची भाषा बदलली. दुसऱ्याने ती परत आणली. मी तिथेच थांबले. देव अशी संधी दोनदा देत नाही.

तीन वाजले. टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा चिमटा लावून बसवला. ताई स्टुलावर, मी बाजूला जमिनीवर, आई स्वयंपाकघराच्या दारात. बाबा मागे आरामखुर्चीत घोरत होते. त्यांना खुर्चीसकट ढकलायचा विचार झाला होता, पण उठले तर संध्याकाळपर्यंत बातम्या लावतील म्हणून त्यांना हात लावला नाही.

"मी कशी दिसतेय?" ताईने हळूच विचारलं.

"ते खालच्या कोपऱ्यात दिसतं," मी म्हणाले. "म्हणजे दिसत नाही. छानच दिसत असशील."

पडद्यावर दोघं आले. एक बाई, कपाळाशिवाय. त्यांच्या कडेला अर्धे साहेब, एक डोळा आणि एक नाकपुडी. पूर्ण साहेब कसे असतील याचा अंदाज येत नव्हता. बाईंनी तोंड उघडलं तेव्हा त्यांचे दात आमच्या काचेवर फुटभर झाले, आणि मी बघितलं तर ताई सवयीने दाढा मोजत होती.

"ताई," मी कुजबुजले. "नको."

सुरुवात बरी झाली. ताईने आराखडा उघडला. पांढरं, कोरडं, सुंदर बाथरूम. बाई "हं" म्हणाल्या. साहेबांची नाकपुडी फुलली. मधूनच दोघं एकमेकांकडे बघायचे आणि गप्प व्हायचे. मला वाटलं, आराखडा बघून भारावले.

"छान," बाई म्हणाल्या. "आता तो उजव्या कोपऱ्यातला नळ जरा डावीकडे घेऊन दाखवा."

ताईचा हात माउसवर थांबला. उजवा कोपरा आमच्याकडे नव्हता. आमच्याकडे बाथरूम संपत होतं तिथे बेसिन अर्धं होतं, आणि नळ कॅलेंडरवर. तिने बाण तिकडे नेला. बाण गेला तो गेलाच. तिने काहीतरी पकडलं आणि ओढलं. पडद्यावर संडासाचं भांडं सावकाश खोलीच्या मध्यभागी आलं.

"हे... मुद्दाम आहे?" साहेबांनी विचारलं.

"एक मिनिट," ताई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. तिने परत ओढलं. भांडं भिंतीवर चढलं. मला तिच्या मानेवरून सगळं दिसत होतं. सोमवार दिसत होता, पाकिटं दिसत होती, पाकिटातलं दिसत होतं.

मी रांगत बाबांकडे गेले.

रिमोट बाबांच्या पाठीमागे होता. बनियन वर, पोट मोकळं, आणि झोपेतच हात संथपणे वर-खाली चालला होता. खर्र, खर्र. रिमोट बाहेर आला की त्याच्यावर ओला चट्टा चमकायचा आणि परत आत जायचा. नुसता काढून घेतला असता तर हात रिकामा राहिला असता, आणि रिकाम्या हाताने बाबा जागे होतात. बदली काहीतरी द्यायला हवं होतं. मी आईकडे बघितलं. आईने क्षणभर विचार केला, सिंककडे गेली, आणि भांडी घासायचा ब्रश जमिनीवरून माझ्याकडे सरकवला.

रिमोट बाहेर आला तसा मी तो दोन बोटांत धरला आणि बाबांच्या मुठीत ब्रश दिला. ब्रश आत गेला. बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जसं मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीही, आम्ही दोघी पास झालो तेव्हाही, बघितलं नव्हतं. तो ब्रश नंतर परत सिंकवर गेला का, हे मी आईला विचारलेलं नाही. या घरात मला अजून जेवायचं आहे.

रिमोट माझ्या हातात होता. गरम. माणसाइतका गरम. बोटं त्याला चिकटली आणि सुटताना 'च्यप' असा आवाज झाला.

"करायचं तर नीट कर," आई कात्रीही तशीच सरकवत कुजबुजली. "अर्धवट फाडू नकोस. वास मुरतो."

मी फाडलं. आधी वास आला, खवट तेलाचा आणि बंद पेटीतल्या मोज्यांचा. मग चिकटपट्टीखालच्या घडीतून पांढरा भुगा माझ्या मांडीवर सांडला. तो भुगा काय होता हे कळायला मला एक क्षण लागला. ती पाठ होती. वर्षानुवर्षांची पाठ. बाबा थोडेथोडे करून त्या पिशवीत राहायला गेले होते.

आणि आत रिमोट कोरा करकरीत. एकेक बटण चकचकीत, अक्षर न अक्षर ठळक. बाबांचं तत्त्व खरं होतं, याचीच मला जास्त शिसारी आली.

मी आकाराचं बटण दाबलं.

पाहुणे आल्यावर पोट आत घ्यावं तसं चित्र चारही बाजूंनी आत आलं. बाईंना कपाळ आलं, चांगलं मोठं, विचारी कपाळ. साहेब पूर्ण झाले. नळ आला. भिंतीवर चढलेलं भांडं आलं. आणि सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात, एक छोटी चौकट आली. त्यात आम्ही होतो.

सगळे होतो. पुढे ताई. तिच्या खांद्यामागे, मधोमध, एखाद्या देखाव्यासारखे बाबा, उघडं पोट, हातात भांड्यांचा ब्रश, पाठीत खर्र खर्र. त्यांच्या पायाशी मी, मांडीवर भुगा, हातात कात्री. दारात आई. आईने चौकटीत स्वतःला बघितलं आणि पदर सारखा केला.

"आता दिसतंय का तुम्हाला सगळं?" बाईंनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. आवाज कवळीसारखा निखळला होता.

"आम्हाला पहिल्यापासून दिसतंय."

खर्र, खर्र.

"ते मागचे गृहस्थ..." साहेबांनी सुरुवात केली.

"वडील."

"आणि त्यांच्या हातात आता जे आहे..."

"ब्रश," मी जमिनीवरून म्हणाले. "भांड्यांचा. आधीचा रिमोट होता."

"ते आम्ही बघितलं," साहेब म्हणाले. त्यांच्या दोन्ही नाकपुड्या आता दिसत होत्या आणि दोन्ही आवळलेल्या होत्या.

ताईने त्या चौकटीकडे एकदा बघितलं. मग तिने जे केलं ते मी तरी केलं नसतं. तिने भांडं भिंतीवरून उतरवलं, जागेवर ठेवलं, नळ पकडला आणि डावीकडे आणला.

"नळ इथे का?" बाईंनी विचारलं.

"दारातून येणाऱ्याचा हात आधी नळाला लागतो म्हणून," ताई म्हणाली. "तोही कोपराने उघडतो. टॉवेल वेगवेगळे, एकमेकांना न टेकणारे. साबण भिंतीतून खाली पडतो, वडी नाहीच. या बाथरूममध्ये एका माणसाने हात लावलेल्या वस्तूला दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. कुठेच नाही. मी सगळं मोजून घेतलंय."

बाईंनी आराखडा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला. मग त्यांची नजर ताईच्या खांद्यामागे गेली आणि परत आली.

"तुम्हाला हे काम का करावंसं वाटतं, असा माझा शेवटचा प्रश्न होता," त्या म्हणाल्या. "तो राहू दे. सोमवारपासून सुरू कराल?"

ताई मान डोलवत राहिली. थांबेचना.

"आमचे सगळे लोक घरूनच काम करतात," बाई म्हणाल्या. "तुमची तशी सोय आहेच." आणि त्या गेल्या, कपाळासकट.

आनंद करायला वेळ नव्हता. बाबांचं घोरणं पातळ झालं होतं. आईने नव्या शर्टाची प्लॅस्टिकची पिशवी आणली, रिमोटवर चढवली आणि मेणबत्तीवर कडा चिकटवल्या. झकास झालं. तेच वाईट होतं. नवं दिसत होतं.

"मळ लागेल," आई म्हणाली, आणि कामाला लागली. आधी तेल. मग थोडं पीठ. मग गार चहात बुडवलेलं बोट, कडेकडेने. मी टीव्हीमागची ओशट धूळ चिमूटभर आणली. आईने ती चोळून बसवली, लांब धरून बघितली, मान हलवली, आणखी मागितली. माझी आई हात पोचेल तिथपर्यंतचं घर इतकं स्वच्छ ठेवते की पाल भिंतीवर गेली तर घसरते. तिला घाण इतकी बारकाईने पाठ असेल असं मला वाटलं नव्हतं. पण ज्या गोष्टीशी माणूस इतकी वर्षं लढतो ती त्याला तोंडपाठच होत असणार.

राहिली चिकटपट्टी. टाचेवरची. ती जमिनीवर पालथी पडली होती, भुग्यात. आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"सरका," ताई म्हणाली. "शेवटचं पाकीट." तिने ती नखांनी उचलली, उलटी केली, आणि नेमक्या जागी लावली. मग कोपरापर्यंत हात धुवायला गेली.

मी बाबांच्या मुठीतून ब्रश काढून रिमोट दिला. बाबांनी तो पाठीत घातला, दोनदा खाजवलं, डोळे उघडले, रिमोट नाकाशी नेला आणि वास घेतला. आई आणि मी एकदम कॅलेंडर वाचू लागलो.

"याला म्हणतात माल," बाबा म्हणाले. "मूळचं आहे. आता बनत नाही असं प्लॅस्टिक."

मग त्यांनी बातम्या लावल्या आणि ताठ बसले. "ही कोण नवीन?"

"तीच आहे नेहमीची," आई म्हणाली.

"तीच? मग कपाळ कुठून आलं तिला?"

तेव्हा आठवलं. चित्राचा आकार परत फुगवायचा राहून गेला होता, आणि आता ते बटण परत चिकटपट्टीखाली होतं. बाबांनी टीव्हीच्या चारही कडा डोळ्यांनी मोजल्या. शेवटी म्हणाले, "आक्रसला. वय झालं त्याचंही." हा निकाल आमच्या घरात कायम झाला. आता बाबांना स्कोअर दिसतो. ते मामाला फोन करत नाहीत. मामा आईला विचारतो, "दाजी रागावलेत का माझ्यावर?"

नवा मॉनिटर आणायचा नाही, असं बाबांनी सांगितलंय. रुंद टीव्ही आहे ना. त्यामुळे ताईचं ऑफिस आता आमच्या हॉलमध्ये आहे. दिवसभर टीव्हीवर बाथरूम, टीव्हीवर कॅमेरा, आणि मागे बाबा. आराखड्यावर चर्चा चालू असते आणि कोपऱ्यातल्या चौकटीत खर्र, खर्र. परवा बाबा दवाखान्यात गेले होते, तर बाईंनी काळजीने विचारलं, "आज वडील दिसत नाहीत?" ताई त्या रात्री जेवली नाही. कवळ्यांना निदान कॅमेरा नव्हता, म्हणाली.

तिच्या वतीने मी खालील अर्ज लिहून आरामखुर्चीच्या हातावर ठेवला आहे. बाबांनी त्यावर कप ठेवला आहे.

प्रति, माननीय वडील, आरामखुर्ची, हॉल. विषय: पाठ. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, आपल्या ज्येष्ठ कन्येचे कार्यालय सध्या आपल्या पोटासमोर भरत आहे. तरी कार्यालयीन वेळेत आपण सदरा परिधान करावा, पाठ कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर नेऊन खाजवावी, आणि त्या कामी रिमोटऐवजी सोबत जोडलेला ब्रश कायमस्वरूपी वापरावा. सदर ब्रश आपल्या पाठीस मानवतो हे अर्जदारास कसे ठाऊक, याची चौकशी न करता मंजुरी द्यावी, ही विनंती.